ताडपत्रीची खोळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना नाही, जिला मी दाढदुखीपासून प्रेमभंगापर्यंत सगळं सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. दिसला असता तर मी विषय बदलला असता — आणि विषय बदलण्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही. आवाज चढवायचा, मूठ आवळायची, की माणसं मूळ प्रश्न विसरतात.

गोष्ट एका सॅकची आहे. एका दिवसाच्या डोंगराला पुरेल एवढी, पाठीवरची हलकी सॅक. हसू नका. म्हणजे — हसा, मलाही मध्ये मध्ये हसू येतं. पण त्या सॅकपायी एका माणसाचा बर्फ हुकला. तो माझ्यामुळे हुकला हे त्याला अजून माहीत नाही, आणि मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

थांबा, असं अंगावर येऊन नको. आधी मी कोण ते सांगते.

गारखेड्यातल्या आमच्या घरात भिंतींना रंग नाही, पण पत्रकं भरपूर आहेत. बाबांनी जन्मभर पत्रकं काढली. हुंड्याविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध, बाटलीतल्या पाण्याविरुद्ध. मी अक्षरं त्यांच्यावरूनच शिकले. आमच्याकडे 'ब' बदकाचा नव्हता, 'ब' बहिष्काराचा होता. उरलेली पत्रकं आई माझ्या डब्यात पोळ्यांखाली घालायची. ओली शाई पोळीवर उमटायची. चौथीत असताना मी 'जागे व्हा' असं उलटं छापलेली पोळी गुळांब्याशी खाल्ली आहे. अशा पोळ्या खाऊन वाढलेली मुलगी पुढे काय करणार? तिने पत्रकंच काढली.

आणि डोंगर चढले. आमचा एक डोंगर-गट आहे. जोशी सर त्याचे प्रमुख. भूगोल शिकवून निवृत्त झालेले, चहासुद्धा उताराच्या दिशेने ओततात. रविवारी गोगाबाबा टेकडीवर सराव, महिन्यातून एकदा लांबचा किल्ला. सर दर वर्षी गटातलं एक नाव हिमालयातल्या गिर्यारोहणाच्या शिबिरासाठी पाठवतात. एकच. त्या एका नावासाठी सगळे वर्षभर धापा टाकतात.

त्या वर्षी ते नाव कैलासचं असणार हे ठरल्यासारखंच होतं. कैलास कन्नडजवळच्या एका गावचा. घरी शेती, हा चिकलठाण्याला कारखान्यात. वयाने माझ्याएवढाच, पण मला ताई म्हणतो. लिहिणारं माणूस वयाने मोठं असतं असा त्याचा समज आहे. माझं प्रत्येक पत्रक तो सगळ्यांत आधी वाचतो — उभ्याने, मोठ्यांदा, चहाच्या टपरीवर, ज्यांना ऐकायचं नाही त्यांनाही ऐकवतो. बर्फ त्याने फ्रीजबाहेर पाहिला नव्हता. टेकडीवरून उतरताना एकदा त्याने मला विचारलं होतं, "ताई, बर्फावर पाय दिला की आवाज येतो म्हणं. खरं का?"

मी म्हटलं, जाऊन ऐक. तेव्हा मनापासून म्हटलं होतं.

मग मी पत्रक काढलं. 'पाठीवरचा बाजार'. झालं असं की गटात नव्या आलेल्या एका मुलाने परदेशी कंपनीची सॅक आणली, आणि सगळे तिला हात लावून बघायला लागले. मला ते सहन झालं नाही. डोंगर चढायला पाठ लागते, ब्रँड लागत नाही! आपल्या बापजाद्यांनी किल्ले बांधले तेव्हा त्यांच्या पाठीवर कुणाचा शिक्का होता? असं दोन्ही बाजूंनी छापलेलं. सरांनी टेकडीवर उभं राहून वाचून दाखवलं. कैलासने टाळ्या सुरू केल्या. त्या मुलाने सॅक काढून पायाशी ठेवली, आणि पुढच्या रविवारी तो आलाच नाही. तिथल्या तिथे ठराव झाला: गटातल्या प्रत्येकाने एकसारखी, आपल्याच गावात शिवलेली ताडपत्रीची पिशवी वापरायची. हलकी, स्वस्त, स्वाभिमानी.

शिवायचं काम मीच अंगावर घेतलं. रिक्षांचे हुड आणि सीट-कव्हर शिवणारे एक सलीमभाई आहेत, त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "मॅडम, पट्ट्यात फोम टाकू का? और नीचे झालर? रिक्षा को लगाता वैसी. लई उठून दिसंल." मी दोन्ही गोष्टी एका दमात धुडकावल्या, चैन या एकाच सदराखाली. झालर नाकारली ते बरोबरच होतं, हे आजही म्हणेन.

पिशव्या आल्या. निळ्या. पाठीवर घेऊन निघालो, तेव्हा एखाद्या लग्नाचा मांडव चालत निघाल्यासारखे आम्ही दिसत होतो. चालताना कर्रकर्र आवाज. आत पाण्याची बाटली मोकळी, ती प्रत्येक पावलाला मणक्यावर टकटक करायची, जणू आत कुणी आहे का विचारत होती. पट्टे खाटेच्या नवारीसारखे सपाट आणि कडक. पहिल्याच रविवारी माझा डावा खांदा सोलून निघाला.

आता तुम्ही म्हणाल, मग पिशवी बदलायची. तुम्ही आमच्यातले नाही हे त्यावरूनच कळतं. आमच्यात वस्तू टोचली तर वस्तू बदलत नाहीत. माणसाची निष्ठा तपासतात. पिशवी वाईट आहे असं कुणीही म्हणालं नाही. सर म्हणाले, वय झालं. एक काकू म्हणाल्या, माझंच वजन वाढलंय. आणि कैलास — त्याच्या सदऱ्यावर दोन्ही खांद्यांना लाल पट्टे उमटलेले — म्हणाला, "लई टोचतंय ताई. पर माझं हाडच बाहेर हाय ना तिथलं. लहानपणापासून."

मी काय म्हणाले असेन? माझाही खांदा त्या क्षणी आगीसारखा जळत होता. मी म्हणाले, "पट्टा टोचत नाही कैलास, सवय टोचते."

त्याला ते इतकं आवडलं की त्याने ते पाठ केलं.

नंतरच्या मंगळवारी मी जालना रोडवरच्या एका मोठ्या दुकानात गेले. शत्रूचा अभ्यास करायला — स्वतःला हेच सांगितलं होतं. उन्हासाठी तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटीवर फिरायची आमच्याकडे पोरींना सवयच आहे. त्या दिवशी मी तो एसी दुकानातही सोडला नाही. विकणारा मुलगा हसरा होता. मी म्हटलं, मला घ्यायची नाही, फक्त माहिती हवी आहे. तो म्हणाला, "सगळे तसंच म्हणतात मॅडम." आणि त्याने टेप काढली. मानेच्या वर आलेल्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत माझी पाठ मोजली. सॅक आपल्या उंचीला नाही, पाठीच्या लांबीला बसली पाहिजे, म्हणाला. एका दिवसाला वीस-बावीस लिटरची पुरे. त्याहून मोठी घेतली की माणूस उगाच सामान भरत बसतं.

त्याने आत वाळूच्या पिशव्या भरून एकेक सॅक माझ्या पाठीवर चढवली. पहिली इतकी हलकी की घडी केली तर मुठीत मावेल, पण भरल्यावर पाठीवर भोपळा बांधल्यासारखी. दुसरीला इतके कप्पे की पाण्याची बाटली सापडेपर्यंत तहान मरावी. तिसरी नारिंगी होती. रिकामी हातात घेतली तर भरल्या तांब्याएवढीही जड नाही. पाठीला जाळी, जाळी आणि सॅक यांच्यामध्ये वारा खेळेल एवढी फट. त्याने कमरेचा पट्टा आवळला, खांद्याचे थोडे सैल केले, आणि — कसं सांगू? — ओझं खांद्यावरून उतरलं. कमरेवर जाऊन शहाण्यासारखं बसलं. स्कार्फच्या आत माझे डोळे भरून आले. माझ्या सोललेल्या खांद्याशी इतक्या मायेने बाबासुद्धा कधी बोलले नव्हते.

किंमत विचारू नका. तो वेगळा कबुलीजबाब आहे.

बरं, इथवर जे झालं तो माझा गुन्हा नाही. सॅक घेतली, घेतली. लोक याहून वाईट वस्तू घेतात. दुसऱ्या दिवशी गटात जाऊन म्हणता आलं असतं — मंडळी, मी चुकले, पट्ट्यात फोम टाकू या. त्याला काय लागतं? एक वाक्य. मी आयुष्यात हजारो वाक्यं छापली आहेत. ते एक छापलं नाही.

त्याऐवजी काय केलं ते ऐका. आई-बाबा चंगळवादाविरुद्धच्या एका सभेला गेले होते. मलाही बोलायचं होतं तिथे. मी डोकं दुखतंय म्हणून घरी थांबले. दार लावून घेतलं. माझी ताडपत्रीची पिशवी उसवली आणि आईच्या मशीनवर त्या नारिंगी सॅकला निळी खोळ शिवली. खांद्याच्या पट्ट्यांना वेगळे अभ्रे. दोन सुया मोडल्या. पण अशी बसली खोळ, की सलीमभाईंनी कामाला ठेवलं असतं.

कमरेचा पट्टा कुर्त्याखालून बांधायचा. छातीवरचा पट्टा झाकायला — ओढणी घ्यायची. ओढणी! जिच्या सक्तीविरुद्ध मी अकरावीत पत्रक काढलं होतं. आता ती मी डोंगरावर घेत होते, स्वेच्छेने, पिन लावून. एक तत्त्व वाचवायला मी दुसरं पाण्यात सोडलं, आणि पहिलंही वाचलं नव्हतंच.

त्यानंतर मी डोंगरावर पळायला लागले. सगळे कण्हत असायचे, मी गात असायचे. सर एकदा मागून माझी चाल बघून म्हणाले, "मुक्ता, तुझं ओझं एवढं हलकं कसं गं?" मी म्हटलं, "गरजा कमी केल्या, सर." सरांनी ते वाक्य सगळ्यांना ऐकवलं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

एकदाच पकडली जाणार होते. कन्नडच्या पुढे जंगलात अंतूरचा किल्ला आहे, तिथे श्रावणात गेलो होतो. वर धुकं असं उतरलं की स्वतःचे बूट दिसेनात, आणि सर वाट सोडून भलतीकडे निघून गेले. हाका ऐकू जाईनात. त्या सॅकच्या छातीवरच्या बकलात एक शिट्टी असते, बोटाच्या पेराएवढी. मी ओढणीत तोंड खुपसलं आणि जीव खाऊन वाजवली. पाच मिनिटांत सर आवाजाच्या रोखाने आले. आल्या आल्या विचारलं, शिट्टी कुणाकडे आहे? मी म्हटलं, शिट्टी नाही, बोटांनी वाजवली. कैलास तर खूश झाला. "आमच्याकडं ढोरं वळणाऱ्यालाबी एवढी कडक जमत नाय, ताई!"

झालं. त्या दिवसापासून गटाची प्रत्येक बैठक माझ्या शिट्टीने सुरू करायची प्रथा पडली. दोन बैठका मी घसा बसल्याचं सांगून टाळल्या. मग गच्चीवर जाऊन खरंच शिकायला बसले. तोंडात बोटं घालून नुसती फुसफुस. जमायला लागलं तेव्हा शेजारचे एक काका काठी घेऊन खाली उभे राहू लागले. गल्लीतल्या पोरींना कुणी टवाळ शिट्ट्या मारतो असा त्यांचा संशय होता. मी गच्चीवरून त्यांना सांगितलं, काका, अशा लोकांना सोडू नका.

हसलात? हसा. आता जिथे हसू थांबतं तिथे आले आहे.

निवडीचा दिवस. शिबिराला जायचं नाव ठरवायला सरांची पद्धत अशी, की पिशवीत ठराविक वजनाचे दगड भरायचे आणि किल्ला चढून उतरायचा, मध्ये पिशवी खाली ठेवायची नाही. आदल्या दिवशी कैलासची रात्रपाळी झाली होती. तो कारखान्यातून थेट बसला आला. सुट्ट्या त्याने वर्षभर साठवल्या होत्या. चढताना तो माझ्यापुढे होता. त्याच्या सदऱ्याला आधी घाम आला, मग खांद्यावर दुसरा रंग. तो मध्येच पट्ट्याखाली पंजा घालायचा, मग लाज वाटल्यासारखा काढून घ्यायचा. मला ऐकू येत होतं, तो पुटपुटत होता. पट्टा टोचत नाही, सवय टोचते. पट्टा टोचत नाही. सवय टोचते.

माझ्या पाठीत वारा खेळत होता.

त्याने पिशवी खाली ठेवली नाही. वर गेला, खालीही आला. सगळ्यांआधी आला. पायथ्याला काकूंनी त्याच्या सदऱ्याचा चिकटलेला भाग पाण्याने सोडवला, तेव्हा त्याने दात घट्ट आवळले होते. सर त्याचं नाव सांगणार, एवढ्यात तोच उठला.

"सर, माझं नाव काढा. इथं पट्टा सोसंना, तिथं बर्फात मी काय दिवे लावणार? कुणाचं तरी नुकसान करीन. मुक्ताताईला धाडा. सेम पिशवी, सेम दगड — अन् बघा, त्यांच्या खांद्याला वळसुद्धा नाय. शेवटी मनात असावं लागतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सरही. माझ्या तोंडात शेंगदाणे होते. मी ते चावत राहिले. शेंगदाणे किती वेळ चावता येतात, माहीत आहे? पुष्कळ. सर म्हणेपर्यंत — "ठीक आहे. मुक्ता जाईल."

भीती वाटली होती का? हो. कसली? हसतील याची. जीव जाण्याची नाही, घरातून हाकलण्याची नाही. टेकडीवर दहा-बारा माणसं हसतील, याची.

आणि मी तिथेही थांबले नाही. मी पत्रक काढलं. 'खांद्याची साक्ष'. एका कामगाराने स्वतःची मर्यादा किती प्रामाणिकपणे ओळखली, आणि आपण सुखवस्तू लोकांनी त्यातून काय शिकावं. कैलासने ते टपरीवर वाचून दाखवलं. मग लॅमिनेशन करून खोलीत लावलं, कॅलेंडरशेजारी. मी पाहिलं आहे. मी तिथे बसून चहा प्यायले आहे.

मी हिमालयात जाऊन आले. परत आल्यावर तो स्टँडवर घ्यायला आला होता. माझी खोळ घातलेली सॅक त्याने माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच्या खांद्यावर टाकली — एकाच पट्ट्यावर, म्हणून त्याला काही कळलं नाही. म्हणाला, "ताई, आवाज येतो का मग?"

येतो, मी म्हटलं. पहाटे कडक असतो तेव्हा पापड मोडल्यासारखा, आणि दुपारी ओल्या साखरेच्या पोत्यावर पाय दिल्यासारखा. तो डोळे मिटून ऐकत होता. चांगलं वर्णन केलं मी. वर्णन मला येतं.

याला तीन वर्षं झाली. कैलासने डोंगर सोडला. ती निळी पिशवी तो कारखान्यात डब्याला वापरतो.

गेल्या रविवारी तो घरी आला. बरोबर धाकटी बहीण, राणी. कन्नडच्या कॉलेजात शिकते. कॉलेजातून तिची निवड झाली आहे, त्याच शिबिरासाठी. कैलासच्या हातात निळ्या ताडपत्रीची नवी गुंडाळी होती. बाबांनी त्याला पाणी दिलं, आईने पोहे टाकले. तो म्हणाला, "ताई, तवा तुम्ही शिवून आणली व्हती ना, तशीच हिलाबी शिवून आणा. माझ्या पाठीत खोट व्हती. हिच्या पाठीत नसंल."

राणी उठून माझ्यासमोर पाठ करून उभी राहिली. वेणी पुढे घेतली. मी आईच्या मशीनच्या खणातून टेप आणली आणि मोजलं — मानेच्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत. माझ्याएवढीच पाठ आहे. कैलास कौतुकाने बघत होता. "बघ राणे, किती बारीक मोजत्यात."

मी होकार दिला. चावायला पोहे होते.

ते गेल्यावर मी लिहायला बसले. हे पत्रक आहे. नेहमीच्याच कागदावर, नेहमीच्याच छापखान्यात जाणार आहे. प्रुफं बाबाच तपासतात. ते आधी काने-मात्रे बघतील आणि मग खुर्चीत बसतील. सर टेकडीवर वाचतील की नाही, माहीत नाही. पण पहिली प्रत नेहमीप्रमाणे कैलासकडे जाईल, आणि तो ती नेहमीप्रमाणे टपरीवर उभा राहून मोठ्यांदा वाचायला लागेल. कुठल्या ओळीवर त्याचा आवाज थांबेल याचा मी अंदाज बांधून बघितला. मग तो नाद सोडला.

खोळ काल उसवली. निळे तुकडे फरशीवर पडले आहेत. सॅक नारिंगीच निघाली. इतकी वर्षं उन्हाचा स्पर्श नाही, त्यामुळे दुकानात होती तशीच. प्रतीबरोबर तीही पाठवते आहे.

कैलास, तुझ्या हाडात काही नव्हतं. राणीला दाखव — कमरेचा पट्टा आधी आवळायचा, खांद्याचे नंतर, सैल. आणि शिट्टी छातीवरच्या बकलात आहे. अंतूरला तीच वाजली होती.